पाहणाऱ्याची खुर्ची

१

आमचं काम खिसे रिकामे करण्यापासून सुरू व्हायचं. अकराला पाच कमी असताना मी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दारापाशी पोचायचो आणि बाहेरच्या कप्प्यात एकेक वस्तू ठेवायचो. मोबाइल, घड्याळ, किल्ल्या, आणि सगळ्यात शेवटी कानातलं यंत्र. यंत्रात बॅटरी असते, म्हणून ते उपकरण, म्हणून ते बाहेर. त्यामुळे आत मी जवळजवळ बहिराच असायचो.

"दात खरे आहेत ना साहेब? नाहीतर तेही काढून ठेवा," दारावरचा पहारेकरी म्हणायचा. त्याला सगळे मामा म्हणत. हा विनोद त्याने वर्षभरात शंभर वेळा तरी केला असेल आणि दर वेळी मी हसलो आहे.

आत एक खोली. खिडकी नाही. एक टेबल, एक संगणक, दोन खुर्च्या. संगणकाला वीज सोडून दुसरी कुठलीही तार जोडलेली नाही. पूर्वी भिंतीत टेलिफोनच्या तारेसाठी भोक होतं, तेही सिमेंटने बुजवलेलं. सरकारची जी कागदपत्रं बाहेर कुणी वाचू नयेत, ती या संगणकात होती. तीस-तीस वर्षांपूर्वीच्या फाइली एकेक करून वाचायच्या आणि ठरवायचं, की ही अजून गुप्त ठेवायची की आता तिचा शिक्का उतरवायचा. मी निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. पण निम्म्या फाइलींवर माझीच सही होती, म्हणून मला सल्लागार म्हणून परत बोलावलं होतं.

या खोलीत एकट्याने बसायचं नाही. वाचणारा पुढे बसतो, पाहणारा त्याच्या मागे दीड हातावर. पाहणाऱ्याने पडद्यावरचा मजकूर वाचायचा नसतो, वाचणाऱ्याच्या हातांवर नजर ठेवायची असते. फाइल उघडली की रजिस्टरमध्ये पेन्सिलीने बरोबरची एक खूण. वाचणाऱ्याने मागे वळू नये असा काही नियम नाही, पण कुणी वळत नाही. पाठीवर नजर असण्याची सवय होऊन जाते.

दाराच्या चौकटीत एक डोळा बसवलेला आहे आणि दारावर तांबड्या आकड्याची पाटी. माणूस आत गेला की आकडा एकने वाढतो, बाहेर आला की कमी होतो. आकडा 'एक'वर मिनिटभराहून जास्त राहिला तर घंटा वाजते. शून्य झाल्याशिवाय दाराला सील लागत नाही.

हे सगळं मला आवडायचं. माझ्यासारख्या घाबरट माणसाला नियम फार आधार देतात.

२

त्या बुधवारी जिना चढताना माझा श्वास वर-खाली झाला. माझ्याबरोबर वाचणारी म्हणून एक संगणक अभियंता होती, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "सर, बसा जरा. चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

"तू हो पुढे. संगणक सुरू होईपर्यंत आलोच मी. एका मिनिटात."

"नक्की? नाहीतर घंटा बोंबलेल आणि मामांची चहाची सुट्टी रद्द."

"अगं, मामा खाली टपाल घ्यायला गेलाय. जा तू."

ती गेली. कोपऱ्यावरच्या पाण्याच्या नळाशेजारी एक बाक आहे. तिथून दार दिसत नाही. मी डोळे मिटून दहा श्वास मोजायचे ठरवले. सहापर्यंत मोजल्याचं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा समोरच्या भिंतीवरचं घड्याळ अकरा वाजून छत्तीस मिनिटं दाखवत होतं.

पहिल्यांदा मला लाज वाटली, कामावर डुलकी लागल्याची. भीती दाराकडे धावत जाताना वाटली. घंटा वाजली नव्हती. वाजली असती तर मी बहिरा असूनही उठलो असतो, कारण ती घंटा तळमजल्यावरच्या मांजरांनाही उठवते.

मामा दारात उभा होता. तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, तुम्ही बाहेर कधी आलात?"

पाटीवर दोन होता.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"मॅडम आणि तुम्ही."

खिशातलं सगळं आणि कानातलं यंत्र कप्प्यात टाकून मी आत शिरलो. डोक्यावर पाटीचा आकडा बदलल्याची टिकटिक झाली असणार, मला ती ऐकू आली नाही. अभियंता माझ्याकडे पाठ करून वाचत होती. मागची खुर्ची रिकामी होती. नेहमीपेक्षा थोडी पुढे ओढलेली होती, एवढंच.

"सर, बरं झालं टकटक केलीत," ती वळूनही न बघता मोठ्याने म्हणाली, मला ऐकू यावं म्हणून. "ही फाइल दुसऱ्यांदा उघडत होते मी. लक्षातच आलं नसतं."

"कसली टकटक?"

"पेन्सिलीची. खुर्चीच्या हातावर. दोनदा."

रजिस्टर खुर्चीवर उघडं पडलं होतं. चौदा फाइली, चौदा खुणा. माझ्या खुणा आखूड असतात, अर्धवट, घाईत केल्यासारख्या. या खुणांची शेपटी लांब होती, वरच्या ओळीला जाऊन टेकणारी. मी त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला शिसं लागलं.

मी खुर्चीवर बसलो. बसण्याची जागा कोमट होती. मशीनच्या उष्णतेने असेल, असं मी मनात म्हटलं, आणि मग लक्षात आलं की मशीन दीड हात पुढे आहे.

३

त्या खुणा मी ओळखत होतो. मात्र त्या कशा ओळखीच्या हे सांगायचं तर मला माझ्याबद्दल असं काही सांगावं लागेल, जे मी तोवर बावीस वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

याच खोलीत तेव्हा मी वाचणारा होतो आणि एक रजिस्टर क्लार्क पाहणारी. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे तिला सगळे दुर्बीणताई म्हणत. तिच्यासमोरच म्हणत, आणि ती चिडायची नाही. "दुर्बीण आहे म्हणून तुमची चोरी दिसते," म्हणायची. वाचणारा चुकला की तोंडाने बोलायची नाही, खुर्चीच्या हातावर पेन्सिल दोनदा आपटायची.

तेव्हा फाइली सीडीवर उतरवल्या जायच्या. एक सीडी भरायला पंधरा-वीस मिनिटं लागत. तेवढा वेळ नुसतं बसून राहणं मला जमायचं नाही. माझी डॉक्टरेट गणितातली. मी कोटाच्या आतल्या खिशात गणिताचं एक मासिक दुमडून आत न्यायचो आणि वाचत बसायचो. बाहेरचा छापील कागद आत न्यायला सक्त मनाई होती.

"सर, ते मासिक बाहेर ठेवा," ती रोज म्हणायची.

"अहो ताई, गणितात कसली आलीत गुपितं?"

"गुपितं नसतील. नियम आहे."

"तुमच्या नजरेतून एक दिवस काहीतरी निसटणार, ताई. लावा पैज."

"नाही निसटायचं," ती म्हणायची. एकदा ती हे आमच्या नव्या साहेबांसमोर म्हणाली आणि साहेब हसले. मला ते लागलं होतं, असं आता वाटतं. तेव्हा लागलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

एके दिवशी सात सीड्या भरल्या आणि बाहेर सहाच निघाल्या.

चौकशीला तीन अधिकारी बसले होते. दुर्बीणताईने सरळ सांगितलं, "सातवी सीडी सरांनी मासिकात घातली. मी त्यांच्या हातांकडेच बघत होते."

अध्यक्षांनी मला विचारलं, "तुम्ही मासिक आत नेलं होतं?"

मी म्हणालो, "नाही."

सीडीबद्दल मला खरोखरच काही आठवत नव्हतं. मी खोटं बोललो ते मासिकाबद्दल. एवढ्या मोठ्या शिक्षणाचा माणूस पोरासारखा मासिक लपवून नेतो, हे तीन माणसांसमोर कबूल करण्याची मला लाज वाटली. पण मासिकच नव्हतं म्हटल्यावर ती म्हणते ते सगळंच खोटं ठरलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून मान हलवली, तिच्याकडे बघितलंही नाही. आणि ती माझ्या चेहऱ्याकडे न बघता, शेवटपर्यंत, माझ्या मांडीवर ठेवलेल्या हातांकडे बघत बसली होती.

गुप्त वस्तू गहाळ केली आणि वरिष्ठांवर खोटा आळ घेतला, म्हणून तिला काढून टाकलं.

नऊ दिवसांनी घरी ते मासिक उघडलं तेव्हा मध्येच सीडी होती. पानखूण म्हणून घातलेली. लेबलवर तिच्याच अक्षरात सात.

मी ती स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापली. फार चिवट असते सीडी. चार दिवस, रोज वेगळ्या कचराकुंडीत, मी ते तुकडे टाकत होतो.

४

त्या बुधवारी आम्ही दोघं एक वाजता बाहेर आलो. पाटीवर एक राहिला.

मामाने आत डोकावून बघितलं. टेबलाखालीसुद्धा. "कुणी नाही," तो म्हणाला, आणि घंटा वाजायला लागली.

सुरक्षा अधिकारी आला. माझ्या निम्म्या वयाचा, सभ्य, इस्त्रीचा माणूस. मला तो डॉक्टरसाहेब म्हणतो. त्याने अभियंतेला विचारलं, मग रजिस्टर पाहिलं, मग मला बाजूला घेतलं.

"डॉक्टरसाहेब, साधा हिशेब आहे. अकरा ते साडेअकरा तुम्ही आत असाल, तर पाटीने तुम्हाला नंतर दुसऱ्यांदा मोजलं. यंत्राची चूक, मी दुरुस्तीवाल्याला बोलावतो. आणि तुम्ही आत नसाल, तर या बाई गुप्त फाइली उघडून अर्धा तास एकट्या होत्या. मग प्रकरण वर जाईल. होतात ना तुम्ही आत?"

अभियंता लांब उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, कारण तिला खात्रीच होती. मागे मी बसलो होतो, टकटक मी केली होती, असं तिने आपणहून लिहूनही दिलं होतं. सगळी कागदपत्रं माझ्या बाजूने होती. मला फक्त मान हलवायची होती.

"होतो," मी म्हणालो.

हे मी त्या मुलीसाठी केलं, असं जिना उतरताना मी स्वतःला सांगितलं. तळमजल्यावर पोचेपर्यंत ते टिकलं नाही. मी तिला एकटीला आत पाठवलं आणि बाहेर झोपलो, हे सांगितलं असतं तर ती सुटलीच असती. गेलो असतो मी.

५

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बरोबर आत गेलो. मी दारातून मागे वळून पाटी बघितली. तीन.

"धूळ बसली असेल त्याच्यावर," मामा म्हणाला आणि पाटीवर एक चापट मारली. तीनच राहिला.

मी खुर्चीवर बसलो. पहिली फाइल उघडली. खूण करायला रजिस्टरवर वाकलो तर खूण होती. माझ्याच हातून झाली असेल. माणसाचं वय झालं की हात आधी काम करतो आणि डोक्याला उशिरा कळतं. दुसऱ्या फाइलीच्या वेळी मी पेन्सिल शर्टाच्या खिशात ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

पुढच्या खुर्चीतून अभियंता काहीतरी बोलली. तिचे ओठ हलताना पाठीमागून दिसत नव्हते आणि शब्द मला पोचले नाहीत. पण कागदावर शिसं ओढल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. जवळून. यंत्र न लावता मला चमचा पडलेला ऐकू येत नाही.

मी कागदाकडेच बघत होतो. तरी खूण होताना दिसली नाही. झालेली दिसली.

"सर, आज फार जोरात श्वास चाललाय तुमचा," अभियंता अर्धवट वळून म्हणाली. "बरं वाटत नाही का?"

"माझा?"

ती हसली. "मग कुणाचा?"

मी श्वास रोखून धरला. ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि तिने खांदे किंचित उचलले. पाठीमागचा आवाज अजून येत असला म्हणजे माणूस उचलतो तसे.

घरी आलो तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि बावीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. तिने घड्या घालणं थांबवलं नाही.

"तरीच," ती म्हणाली. "कात्रीची धार तेव्हाच गेली होती. आणि कधी कचऱ्याला हात न लावणारे तुम्ही चार दिवस कचरा टाकायला जात होतात."

"विचारलं का नाहीस?"

"सांगाल म्हणून वाट बघितली." तिने एक टॉवेल झटकला. "मग सोडून दिलं. त्या बाई आहेत का अजून?"

मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत मी हा एक प्रश्नसुद्धा कुणाला विचारला नव्हता.

जुन्या कार्यालयाची दूरध्वनी-पुस्तिका माळ्यावर होती. रविवारी सकाळी मी त्यातला दुर्बीणताईच्या घरचा नंबर लावला. तो चालू असेल असं वाटलं नव्हतं. एका म्हाताऱ्या पुरुषाने फोन उचलला. तो तिचा धाकटा भाऊ होता.

"जुन्या ऑफिसातून बोलतोय," मी म्हणालो. "ताईंशी बोलायचं होतं."

तो म्हणाला, "आत्ता नाही बोलता येणार. ती कामावर आहे."

"या वयात? कुठे?"

"किती वाजले तुमच्याकडे?"

साडेअकरा वाजले होते.

"अकरा ते एक ती कुणाशी बोलत नाही," तो म्हणाला. "रविवार असो, ताप असो. तुम्ही या आणि बघा. फोनवर सांगण्यासारखं नाही."

६

सोमवारी मी रजा टाकून गेलो. भावाचं शिलाईचं दुकान होतं आणि मागे दोन खोल्या. त्याने मशीनवरून उठून माझ्याकडे पाहिलं, कोटाच्या शिवणीकडेही पाहिलं, आणि मला आत नेलं.

"तिच्या समोरून जाऊ नका. चिडते."

आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून दोन खुर्च्या होत्या, एकीमागे एक. पुढची रिकामी. मागच्या खुर्चीवर दुर्बीणताई बसली होती. ती इतकी लहान झाली होती की आधी मला खुर्चीवर शाल टाकली आहे असंच वाटलं. चष्मा तसाच. मांडीवर वही, हातात पेन्सिल. तिची नजर पुढच्या खुर्चीच्या हातावर खिळलेली होती, आणि ती नजर कशाच्या तरी मागे सरकत होती. डावीकडे, उजवीकडे, थोडी वर.

फळीवर वह्यांची रास होती. भावाने एक उघडून दाखवली. प्रत्येक पानावर लांब शेपटीच्या खुणा. "दर पानाच्या शेवटी सहा खुणा आणि सातवी जागा मोकळी," तो हळू आवाजात म्हणाला. "मी विचारलं, सातवी का करत नाहीस? म्हणाली, ती खूण मी केली तर सातवी सीडी बाहेर आली असं होईल."

"ताई," मी दारातून म्हणालो.

"काम चालू आहे, सर." तिने मान वळवली नाही.

मी काय काय ठरवून आलो होतो. एक सुरुवात, एक शेवट, मध्ये माझ्या परिस्थितीबद्दल दोन-तीन वाक्यं. त्यातलं एकही तोंडी आलं नाही. "ताई, तुम्ही बरोबर पाहिलं होतं," मी म्हणालो. "मासिक मी आत नेलं होतं. सीडी त्यात होती. नऊ दिवसांनी मला सापडली आणि मी ती कापून टाकली. तुम्ही खोटं बोलला नव्हता. मी बोललो होतो."

पेन्सिल थांबली. ती वळली आणि तिने पहिल्यांदा माझ्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मी पाहिलंच होतं. तुम्ही पाहिलं नाहीत."

दोन्ही हातांनी खुर्ची धरून ती उठली. भाऊ पुढे झाला, तिने त्याला थांबवलं.

"बसा."

"ताई, मी..."

"मी दमले, सर. बसा तुम्ही."

मी बसलो. खुर्ची कोमट होती. भिंतीचा रंग हिरवट, एका ठिकाणी पोपडा निघालेला. समोरची खुर्ची रिकामी होती. हे मी आजही शपथेवर सांगेन. मी शिकलेला माणूस आहे आणि त्या दिवशी रक्तदाब वाढलेला होता, हेही सांगेन. मान जरा खाली घालून मी खुर्चीच्या हाताकडे पाहिलं, ती बघत होती तसं.

तिथे एक बाही होती. करड्या कोटाची. बाहीतून निघालेला हात तरुण नव्हता, पण माझ्या आताच्या हातापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान होता. वर खांदा असावा, पाठ असावी. मी वर पाहिलं नाही. हाताने टेबलावरून, जिथे टेबल नव्हतं तिथून, एक चकचकीत गोल वस्तू उचलली. आता तो ती न बघता पानांत सरकवणार, हे मला ठाऊक होतं. तसंच झालं होतं. बेसावधपणे, वाचता वाचता, पानखूण म्हणून. बावीस वर्षं मी मनात ते तसंच पाहत आलो होतो.

हाताने ती वस्तू उलटी केली. लेबल वर आलं. अंगठा लेबलावर टेकला आणि तिथे राहिला. मोजता येईल इतका वेळ. मग बाही किंचित मागे वळली, पाहणारा बघतो आहे का, हे चाचपावं तशी.

"दिसलं?" दारातून दुर्बीणताईने विचारलं.

मला ती पैज आठवली. मला वाटतं, मी मान हलवली.

"आता मी पडते जरा," ती भावाला म्हणाली. साडेअकरा वाजले होते.

७

मी निवेदन लिहून दिलं. मासिक, सीडी, कात्री, आणि बुधवारचा बाकही. सुरक्षा अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं.

"डॉक्टरसाहेब, इथे एक शब्द राहिलाय. 'सीडी मासिकात ठेवली.' चुकून ठेवली, असं हवं ना? तो घातलात तर पुष्कळ सोपं होईल. वयही तुमच्या बाजूने आहे." त्याने पेन पुढे केलं. माझं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

"जेवढं दिसलं तेवढं लिहिलंय," मी म्हणालो. पेन घेतलं नाही.

माझा खोलीत जाण्याचा परवाना काढून घेतला. दुर्बीणताईवरचा ठपका मागे घेतल्याचं पत्र तिच्या घरी गेलं, दोन ओळींचं. माझ्यावरची कारवाई चालू आहे. ओळखीचे लोक जिन्यात भेटले तर माझ्याशी हवापाण्याबद्दल बोलतात, आणि मला तेही जास्त वाटतं.

अभियंता एकदा फाटकापाशी भेटली. तिला ताकीद मिळाली होती, पण राग त्याचा नव्हता. "सर, तुम्ही मला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "अर्धा तास मी पाठ कुणाकडे करून बसले होते?" ती आता भिंतीला पाठ लावून बसते, असं मामाकडून कळलं. पाटी दुरुस्त झाली आहे. आत दोघं असले की दोन दाखवते.

दुर्बीणताईच्या भावाचा फोन आला होता. ती आता अकरा वाजता भाजी निवडते, दुकानात येऊन बसते, गिऱ्हाइकांची चेष्टा करते. वह्या तिने रद्दीत घातल्या. "तुमचे उपकार झाले," तो म्हणाला, आणि मला फोन ठेवून द्यावासा वाटला.

आमच्या घरात दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या आहेत. मी ठेवल्या असाव्यात. अकरा वाजता मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसतो. न बसून पाहिलं, पण मग ते बाहीसकट घरभर दिसायला लागतं, बायकोच्या हाताशेजारीसुद्धा. बसलेलं बरं.

रोज तेच होतं. बाही, हात, चकचकीत गोल वस्तू. रोज लेबल वर येतं आणि अंगठा टेकतो. तेव्हा माझं तोंड उघडतं. मी त्याला सांगतो की खाली ठेव, ती बघते आहे, तिच्यासाठी तरी खाली ठेव. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. कधी कधी बाही अर्धवट मागे वळते.

"कुणाशी बोलताय?" बायको दारातून विचारते. "एक वाजून गेला. उठा, पान वाढलंय."

मी हाताने तिला गप्प राहायची खूण करतो. आज त्याचा अंगठा नेहमीपेक्षा जास्त वेळ टेकलेला आहे. अजून त्याने ती पानांत घातलेली नाही.

"उठा हो," ती म्हणते, अगदी हळू, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

"थांब," मी म्हणतो. "अजून वेळ आहे."